छातीचं माप

दि. ३ मार्च

चि. पिपाणी हिला मामाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझी तब्येत कशी आहे? आधी तुझंच विचारतो, कारण पत्रात तू स्वतःला सोडून साऱ्या जगाची खबर देतेस. पित्त अजून वर येतं का? मास्तरांची पाठ काय म्हणते? ते वर्गात उभ्यानंच शिकवतात, की बायको एवढी शास्त्रज्ञ म्हणून तरी डॉक्टरांचं ऐकून खुर्ची घेतली? छोटीचे पुढचे दात आले का? आणि तुझे संचालक? तुझं नाव काढलं की त्यांचा रक्तदाब चढतो असं मागे लिहिलं होतंस. तो उतरला, की तू अजून त्याच संस्थेत आहेस?

आमच्याकडे मामीचे गुडघे जिना बघूनच कुरकुरायला लागतात. माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. उभा जन्म कारखान्याच्या बँडात मोठ्या ढोलाशेजारी काढला. आता वरून बोलावणं आलं तरी दोनदा हाक मारावी लागेल. म्हणून तर फोनच्या दिवसांत तुला माझं अक्षर लावत बसायची शिक्षा. वहिनी बरी आहे. आमच्या पोराचा, तुझ्या दादाचा खोकला मात्र घरजावयासारखा झालाय, जायचं नाव घेत नाही. कारखान्याच्या दळणघरातून गारगोटी दळून आला की उंबऱ्यावरच बसतो. बूट काढायला वाकला की मध्येच थांबतो. विचारलं तर बूट आटलेत म्हणतो.

परवा पेपरात तुझा फोटो आला. मामीनं बघितल्याबरोबर, पोरीला केस नीट कर म्हणून सांगणारं तिथे कुणीच नव्हतं का, असं विचारलं. मग तोच कागद कापून आरशाच्या कडेला खोचला. आता सकाळी दाढी करताना मला तुझ्याकडे बघावं लागतं.

वस्तीत जो तो मला विचारतो की तुमच्या भाचीनं केलं तरी काय. मी शिकलेला नाही, जे कळलंय ते असं सांगतो, चुकत असेन तर कान धर. छाती तपासायचं यंत्र आहे, त्यात जीव खाऊन फुंकायचं. फुंकण्याआधी यंत्र विचारतं, माणूस वरच्या गावातला की खालच्या वस्तीतला. वस्तीतला म्हटलं की यंत्र आपली अपेक्षाच खाली आणतं, कारण जुन्या कुठल्याशा तक्त्यात लिहून ठेवलंय की या लोकांची छाती जन्मतःच लहान. मग गारगोटीच्या भुकटीनं अर्धी छाती भरली तरी कागदावर माणूस ठणठणीत. तुझी आई गेली तेव्हाही कागदावर ठणठणीतच होती. आणि तू शोधून काढलंस की तो तक्ता ज्यांची छाती मोजून केला, ते सगळे आपल्याच कारखान्याच्या फाटकावर रांगेत उभे केलेले लोक होते. भुकटी खाल्लेल्यांनाच निरोगी धरलं, फुटक्या पायलीलाच पायली म्हटलं. आता तू ती पायली मोडलीस. सगळ्यांना एकच माप. बरोबर ना?

कॉलेजात असताना तू स्वतः त्या यंत्रात फुंकलं होतंस. एक बटण दाबलं तर तू धडधाकट, दुसरं दाबलं तर आजारी. सुट्टीत घरी आलीस तेव्हा ताटावर बसून तू हे सांगितलंस आणि तशीच उठलीस. मामी मला म्हणाली होती की ही पोर आता कुणाला सोडायची नाही. तुझा जन्म त्यातच गेला, पण गेला तो कामी आला.

संध्याकाळी पाळी सुटताना आम्ही बँडातले नवे-जुने वाजवणारे फाटकासमोर उभे राहिलो आणि वाजवलं. कर्णेवाल्यानं असा लांब सूर धरला की ऐकणाऱ्यांनाच धाप लागली. साहेब खिडकीत आले. कुणाचा सत्कार आहे असं त्यांना वाटलं असावं. होताच.

पुढच्या महिन्यापासून कारखान्यात सगळ्यांची नव्या मापानं तपासणी आहे म्हणतात. शेवटी कुणीतरी आमच्या छातीकडे नीट बघणार.

मास्तरांना नमस्कार, छोटीचा गालगुच्चा. लोभ आहे त्यात भर घाल, उचल करू नकोस.

तुझा,
मामा


दि. १४ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी संस्थेतल्या जिन्यात बसून रडले आणि वर आलेल्या शिपायाला जिन्याची धूळ डोळ्यांत गेली म्हणून सांगितलं. पित्त आहे. मास्तरांनी खुर्ची घेतली, पण तिच्यावर वह्या ठेवतात आणि स्वतः उभेच असतात. छोटीचा एक दात आलाय, दुसऱ्याची वाट बघत दिवसभर आरशात असते. संचालकांनी माझं अभिनंदन केलं. तेव्हा त्यांचा चेहरा पित्त मला नसून त्यांना असल्यासारखा होता.

तुम्ही सांगता ते अगदी बरोबर सांगता. मी सभांमधून इतकं सोपं कधी सांगू शकले नाही. पण मामा, एक गोष्ट वस्तीत सांगायची राहिली आहे. आमच्या अहवालाचे दोन भाग होते. पहिला, सगळ्यांना एकच माप. दुसरा, त्या मापाला जे कमी भरतील त्यांना भुकटीतून बाहेर काढून पूर्ण पगारावर दुसरं काम द्यायचं आणि त्यांच्यावर उपचार करायचे. सरकारी समितीनं पहिला भाग मंजूर केला. दुसरा विचाराधीन ठेवला. विचाराधीन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या गल्लीचं गटार माझ्या लहानपणापासून विचाराधीन आहे.

एक मात्र भांडून मिळवलंय. वस्तीत श्वासाचा दवाखाना सुरू होतोय, पण अजमावण्यापुरता. सहा-आठ महिन्यांनी तिथले आणि कारखान्यातले आकडे बघून तो ठेवायचा की नाही ते ठरवणार. म्हणून सगळ्यांनी तिथे जायला हवं. दादानं सगळ्यात आधी. त्याचे बूट आटलेले नाहीत हे त्यालाही माहीत आहे आणि तुम्हालाही.

मामींना सांगा, केस विंचरले होते. फोटो काढणाऱ्यानं पंखा लावला.

तुमची,
पिपाणी


दि. २ मे

चि. पिपाणीस मामाचे अ. उ. आ.

तुम्ही सगळी बरी असाल असं धरून लिहितो. आज एकेकाचं विचारत बसायला मन लागत नाही.

तपासणी सुरू झाली. दळणघरातल्या पहिल्या गटात जवळपास निम्मे लोक कमी भरले. आम्हाला वाटलं, आता यांना दुसऱ्या खात्यात घेतील. दुसऱ्या दिवशी फाटकावर त्यांची कार्डं चालेनात. आत विचारायला गेले तर कचेरीतल्या बाईंनी सांगितलं की कामाला अयोग्य ठरलेल्या माणसाला आत सोडलं आणि उद्या काही झालं तर जबाबदारी कारखान्यावर येते. सरकारचंच माप आहे, आमचं नाही. बोलायला फार गोड बाई. दोघा-तिघांना तर तिनं काळजी घ्या म्हणूनही सांगितलं.

आमचा जुना ढोलवाला, त्याच्या जावयाचं काम गेलं. तो काल चावडीवर बसल्यासारखा आमच्या दारात बसून राहिला. मला म्हणाला की तुझ्या भाचीनं आमची छाती मोठी ठरवली आणि पोट लहान करून ठेवलं. मला ऐकू कमी येतं, तर त्यानं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मामी आतून भांडं घेऊनच बाहेर आली. तुझ्या जावयाची छाती भाचीनं खाल्ली की गारगोटीनं, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, गारगोटी पगार तरी देत होती. मामी आत गेली आणि भांडं घासत राहिली, घासलेलंच.

तुला हे लिहू नको म्हणून वहिनीनं बजावलं होतं. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. दवाखान्यातली सिस्टर चांगली आहे, पण तिथला आकडा कारखान्याला कळतो अशी आवई उठल्यापासून तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. बिचारी एकटीच खुर्च्या पुसत बसते.

दादाची पाळी या महिन्याच्या शेवटी आहे. तो दवाखान्यात गेला नाही. बळेबळे नेऊ कसा, माझ्याहून हातभर उंच आहे. त्यानं मला उलट विचारलं की बाबा, मला माझा आकडा कळून पुढे करायचं काय? तूच सांग, मी काय सांगू.

उत्तर टाक.

मामा


दि. १२ मे

ती. मामांस शि. सा. न.

पत्र मिळालं त्याच दिवशी मंत्रालयात गेले. उपसचिवांच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे, त्याच्या मधोमध बसून बसून खळगा पडलाय. तिथे मी दुपारपर्यंत होते. आत बोलावलं तेव्हा त्यांनी चहा सांगितला, माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं की बाई, सगळ्यांना एकच माप हवं असं तुम्हीच इतकी वर्षं म्हणत होतात ना, ते दिलं, आता माप नको म्हणता का? मी म्हटलं, माप हवं, पण मापल्यावर माणसाला फेकायचं नव्हतं. ते म्हणाले, तो दुसरा भाग, तो दुसऱ्या खात्याकडे आहे. दुसऱ्या खात्यात गेले तर फाईल अजून आलेलीच नव्हती.

मामा, मी हे काम सुरू केलं तेव्हा मला वाटायचं, चूक दाखवून दिली की ती दुरुस्त होते. गणितात होते तशी. मी आईचा आकडा नव्या मापानं काढून बघितला होता, तुम्हाला कधी सांगितलं नाही. ती जायच्या कितीतरी आधी आजारी ठरायला हवी होती. तो कागद घेऊन मी दारोदार फिरले. आता वाटतं, तेव्हा ती आजारी ठरली असती तर तिला इतकंच सांगितलं असतं की बाई, उद्यापासून येऊ नकोस.

ढोलवाल्या काकांवर रागवू नका. ते खरं बोलले.

दादाला म्हणावं, थोडा थांब. मी दुसऱ्या भागाच्या मागे आहे. तोवर निदान तोंडाला फडकं नको, कारखान्यानं दिलेला मास्क लाव. आणि बाकी काही केलं नाहीस तरी दवाखान्यात जा.

तुमची,
पिपाणी


दि. ३० मे

चि. पिपाणीस, आज अगदी भरघोस आशीर्वाद!

पित्तावर उतारा पाठवतोय. दादा तपासणीत पास झाला! नुसता पास नाही, तपासनिसानं मान डोलावली आणि पोहायला जाता वाटतं, असं विचारलं म्हणे. घरी सगळे पोट धरून हसलो. दादाही हसला, मग खोकला आला म्हणून थांबला.

आता गंमत ऐक आणि डोळे मोठे करू नकोस. तपासणी सायकली ठेवायच्या पत्र्याखाली चालते. तपासनीस बाहेरून भाड्यानं आणलेला, त्याची मान यंत्राच्या पडद्यात. आल्या माणसाचं कार्ड घ्यायचं, उंची आणि वय टाकायचं, नळी तोंडात द्यायची. कार्डावरचे फोटो भुकटीनं पुसून सगळे एकसारखे भुतासारखे दिसतात. आपला कर्णेवाला दादाच्याच उंचीचा, वयानंही तेवढाच, आणि जन्मभर बांधणी खात्यात, दळणघराचं तोंड न पाहिलेला. त्याची स्वतःची तपासणी आधीच झाली होती. तो दादाचं कार्ड घेऊन गेला आणि असा फुंकला की यंत्राची शिट्टी वाजली.

युक्ती कुणाची विचारशील, तर बोट माझ्याकडेच येईल. दादाला विचारलं, त्यानं आधी बुटाची नाडी सोडली, मग हो म्हणाला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं. मग बाकीचे लोकही आले. ढोलवाला स्वतः आला, मान खाली घालून, दुसऱ्या जावयासाठी. नाही कसं म्हणायचं? सनईवाला, बासरीवाला, मोठा भोंगा वाजवणारा, फुंकणाऱ्यांपैकी ज्याची उंची ज्याला जुळेल त्याला ते कार्ड. अख्खा बँड कामाला लागला. इतक्या वर्षांत आम्ही इतके एकासुरात कधी वाजलो नव्हतो. आता एकाचंही कार्ड अडत नाही. वस्तीत तुझं नावसुद्धा लोक पुन्हा बरं घ्यायला लागलेत.

तू तुझा दुसरा भाग सावकाश मिळव. तोवर आम्ही दम धरतो.

मामीनं तुझ्यासाठी लोकरीची टोपी विणायला घेतलीय, बहुधा केस झाकायला. लोभ आहेच, पण त्याच्या बदल्यात कधी चार ओळी धाड.

मामा


दि. २१ सप्टेंबर

ती. मामांस शि. सा. न.

तुमच्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही. लिहिलं आणि फाडलं, असं बऱ्याचदा झालं. वाचल्यावर पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगते : हायसं वाटलं. दादाचं काम राहिलं, वहिनीची चूल राहिली. मी पत्र खणात ठेवलं आणि स्वतःला म्हटलं की मला काही माहीत नाही.

काल समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी वस्तीचे आकडे पडद्यावर लावले. पहिल्या गटानंतर आलेख जो वर चढलाय तो वरच्या गावाच्याही वर गेलाय. ते म्हणाले की बाईंचं अभिनंदनच करायला हवं, नुसतं माप बदललं तर छात्या सुधारल्या. सगळे हसले. मग एकानं विचारलं की इतके निरोगी लोक असताना दवाखाना कशाला, तिथे तर कुणी येतही नाही. दुसरा म्हणाला, मुळात आजार होता का हेच बघायला हवं, कधी कधी संशोधकाला जे हवं असतं तेच दिसतं. संचालक माझ्या शेजारी होते. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिले.

दवाखाना नोव्हेंबरअखेर बंद. दुसरा भाग रद्द. ज्यांना आजार नाही त्यांना उपचार आणि पगारी बदली कशी देणार?

मामा, मला तुमच्यावर रागवायचंय आणि रागावता येत नाही. तुमच्या जागी मी असते तर दुसरं काय केलं असतं, ते मला सुचत नाही. पण तुम्ही माझ्या हातातला एकमेव पुरावा खोटा केलात. आता मी खरं सांगितलं तर त्या सगळ्यांची कामं जातात, वर फसवणुकीचा खटला होतो, कर्णेवाल्यापासून सनईवाल्यापर्यंत. आणि गप्प बसले तर ते त्याच भुकटीत राहतील आणि एकेक करून आईसारखे कागदावर ठणठणीत असताना जातील. जन्मभर जे मोडायचा प्रयत्न केला ते आपणच आपल्या हातानं पुन्हा लिहिलंय. फरक एवढाच की या वेळी कुणीही आपली छाती लहान म्हटलेली नाही.

हे मला ठरवता येत नाही, आणि तुम्ही ठरवू नका. हे पत्र दादाला वाचायला द्या. त्याला विचारा, मी काय करू.

त्याचा खोकला कसा आहे? खरं लिहा.

पिपाणी


दि. ३० सप्टेंबर

चि. पिपाणीस दादाचे आ.

बाबांनी पत्र दिलं. मी सावकाश लिहितोय, अक्षराला हसू नकोस. बसून लिहिलं तरी दम लागतो.

बाबांना बोल लावू नकोस. हो मी म्हटलं होतं. मला वाटलं, एकदा पास झालो की वर्षभर बघायला नको. वर्षात तू काहीतरी करशील. तू लहानपणापासून काहीतरी करतेसच. परीक्षेत तू लिहायचीस आणि पेढा मला आधी, असंच चाललं आपलं.

खोकल्याचं विचारलंस. गेल्या महिन्यापासून पोती उचलत नाही, झाडू मारतो. मुकादम ओळखीचा आहे म्हणून. रात्री उशी उभी करून बसतो. तुझी वहिनी झोपल्याचं नाटक करते, मी खोकला आवरल्याचं करतो. संसार म्हणतात तो हाच.

तर असं कर. माझं सांग. माझं एकट्याचं. माझ्या जागी दुसरा फुंकला, एवढंच. कोण फुंकला ते सांगू नकोस. बाकी कुणाचंच सांगू नकोस, त्यांची पोरं लहान आहेत. माझं काम तसंही आता किती दिवस.

मी दवाखान्यात जाऊन स्वतः फुंकून येतो. तुझ्या यंत्राला माझा खरा श्वास पहिल्यांदाच मिळेल. थोडाच उरलाय, बेतानं वापर.

तुझा,
दादा


दि. १९ ऑक्टोबर

ती. मामा-मामींस आणि दादास नमस्कार.

दादानं सांगितलं तसंच केलं. समितीसमोर उभी राहून म्हटलं की वस्तीतल्या एका माणसाच्या जागी दुसरा फुंकला आहे आणि हे आकडे विश्वासाचे नाहीत, सगळ्यांची तपासणी ओळख पटवून पुन्हा करा, पण कुणालाही कामावरून न काढण्याची हमी आधी द्या.

अध्यक्षांनी विचारलं, तो माणूस कोण. मी नाव सांगितलं. नात्यानं कोण लागतो? मामेभाऊ. त्याच्या जागी कोण फुंकला? सांगणार नाही. असे आणखी किती? सांगणार नाही. मग ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले की बाई, घरच्या माणसाच्या आजारपणात कुणाचाही तोल जातो. पण तुमचे नातलग त्या कारखान्यात आहेत हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. मी म्हटलं, माझी आई तिथल्या भुकटीनं गेली, हे माझ्या पहिल्या निबंधाच्या पहिल्या पानावर छापलंय. ते म्हणाले, तेच तर.

मला समितीतून मुक्त केलं. संस्थेतही मला आता वस्तीच्या आकड्यांना हात लावायला बंदी आहे. खालच्या मजल्यावर एक खोली दिलीय, तिला खिडकी आहे पण ती भिंतीकडे उघडते. तिथे बसून यंत्रात कसं फुंकावं याची पुस्तिका लिहायची, दवाखान्यांत वाटण्यासाठी. ताठ बसा, खोल श्वास घ्या, ओठ नळीवर घट्ट ठेवा. एवढी वर्षं शिकून मी आता हे लिहिते.

मास्तर म्हणतात, सोडून दे, शाळेत शिकव. छोटीनं विचारलं की आई, तू हरलीस का? मी तिला म्हटलं, अजून निकाल लागायचाय. ती निजल्यावर मला वाटलं, पोरीशी खोटं बोलले.

दादाचं काय झालं? दवाखान्यातला खरा आकडा हातात आला, तर निदान त्याच्यापुरता तरी अर्ज करता येईल. औषध, प्राणवायूची नळकांडी, घरबसल्या थोडा पगार. एका माणसापुरतं. आता मी एवढंच मागते आहे. आकडा आला की पाठवा.

पिपाणी


दि. ६ नोव्हेंबर

चि. पिपाणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पित्त, मास्तरांची पाठ, छोटीचा दुसरा दात, सगळं विचारायचं आहे. पुढच्या पत्रात विचारतो. आज एकाच माणसाचं सांगतो.

दादा दवाखान्यात गेला. मी बरोबर होतो. वाटेत दोनदा भिंतीला टेकून उभा राहिला, आणि ओळखीचं कुणी दिसलं की भिंतीवरची जाहिरात वाचत असल्यासारखं करायचा. सिस्टरनं प्रेमानं बसवलं. तो फुंकला. सिस्टर म्हणाली, अजून, अजून, सोडू नका. मी उभा जन्म फुंकणाऱ्या माणसांत काढला आहे, पोरी. माणूस कधी चोरून फुंकतो आणि कधी आतडं पिळून फुंकतो ते मला बहिऱ्यालाही पाठमोरं कळतं. त्याच्या मानेच्या शिरा अशा उभ्या राहिल्या की मी डोळे मिटले. तीनदा फुंकला. तिसऱ्या वेळी ओठ निळे पडले आणि तो स्टुलावरून बाजूला कलला. आम्ही दोघांनी धरला.

यंत्रानं कागद काढला. आकड्याच्या जागी रेघ, आणि खाली लिहिलेलं, प्रयत्न अपुरा.

सिस्टरलाही रडू आलं. तिनं समजावून सांगितलं की मे महिन्यातला त्याचा आकडा यंत्राला माहीत आहे, इतका थोरला. त्या मानानं आजचा इतका कमी की छाती एवढ्या लवकर बिघडेल हे यंत्र धरतच नाही. ते धरतं की माणूस मुद्दाम कमी फुंकतोय. अशा वेळी आकडा ग्राह्य धरायचा नाही, पुन्हा बोलवायचं, असा नियम आहे. मी म्हटलं, मेचा आकडा पुसा, तो त्याचा नव्हे. ती म्हणाली, मामा, ते माझ्या हातात नाही, आणि तो कुणाचा हे तुम्ही सांगणार आहात का? मी दादाला उठवायला हात दिला.

कारखान्याला कागद गेला. त्यांनी लिहून कळवलं की हा कामगार फायद्यासाठी आजाराचं सोंग करतो. कार्ड बंद झालं. धडधाकट म्हणून उपचार नाहीत आणि लबाड म्हणून काम नाही. दोन्ही दारांतून एकाच माणसाला बाहेर काढायची तऱ्हा मी पहिल्यांदाच बघितली.

कर्णेवाला रोज संध्याकाळी येतो. आत येत नाही, पायरीवर बसतो. दादानं त्याला आतून हाक मारून सांगितलं की अरे, तुझी फुंकर फारच चांगली पडली, जरा वाईट फुंकायचं होतंस. दोघं हसले. मग तो उठून गेला. त्यानं वाजवणं सोडलंय. बँडही बंदच आहे. मामी कुणाशी बोलत नाही, माझ्याशीही, आणि ते बरोबर आहे. वहिनी शिवणाची कामं आणते. दादा दिवसभर खिडकीत बसून असतो. वाक्य अर्ध्यावर सोडतो, आम्ही पुरं करतो. कधी चुकीचं करतो, तरी तो मान हलवतो.

तू हरलीस असं छोटीला सांगू नकोस. आणि जिंकलीस असंही सांगू नकोस. आपल्या घरात खोटं आता पुरे झालं.

दवाखाना महिनाअखेर बंद होतोय. सिस्टरनं त्याला शेवटची एक वेळ दिलीय, पंचवीस तारखेची. त्या दिवशी यंत्रानं मानलं तर कागद होईल, अर्ज होईल. नाही तर संपलं. दादा सराव करू म्हणतो. मी नको म्हणतो, आहे तो श्वास राखून ठेव. पण आम्हा दोघांनाही कळत नाही की सराव कशाचा करायचा. जोरानं फुंकलं तर येत नाही, हळू फुंकलं तर चोर ठरतो. तू आता पुस्तिका लिहितेस, यंत्राच्या पोटात काय चालतं ते तुला ठाऊक. माणसाला खरंच येत नाही, हे यंत्रानं मानावं म्हणून कसं फुंकायचं, ते सोप्या शब्दांत लिहून पाठव. मी त्याला वाचून दाखवीन. पंचवीसच्या आत पोचेल असं बघ.

तुझा,
मामा